सोन्याची खूण

आमच्या लेनिहन्स वेल गावात खोटं बोलायची मुभा एकाच बाबतीत आहे. कुणी गुरांबद्दल, गाडीच्या इंजिनाबद्दल किंवा स्वतःच्या बायकोबद्दल खोटं बोललं तर ते संध्याकाळच्या आत उघडं पडतं, कारण गावात रस्ता एक, दुकान एक, आणि ते दुकान माझं. पण धातू हुडकायचा डिटेक्टर घेऊन रानात सोनं शोधून आलेल्या माणसाला "कुठे होतास?" म्हणून विचारलं, तर त्याने गेला होता त्याच्या उलटी दिशा दाखवायची आणि विचारणाऱ्याने मान डोलवायची, ही इथली रीत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

क्लेम ट्रेम्बाथने ही रीत धर्मासारखी पाळली. उत्तरेला जायचं असलं की तो आधी माझ्या दुकानासमोरून दक्षिणेला गाडी हाकायचा, सगळ्यांना हात करायचा, मग कोरड्या ओढ्यात उतरून वाळूतून गावाला वळसा घालायचा आणि उत्तरेला निघायचा. पोचल्यावर गाडी झुडपांत घालायची आणि चाकांच्या खुणा झाडाच्या फांदीने झाडून टाकायच्या. परतताना पुन्हा तेच. एवढं पेट्रोल जाळून तो आणायचा काय, तर गंजके खिळे. कधी घोड्याचे नाल, कधी काडतुसांची पितळी टोपणं, सार्डिन माशांचे डबे, आणि एकदा तारेची पट्टी बसवलेली कुणाची तरी कवळी. त्या कवळीच्या मालकाचा शोध त्याने बरेच दिवस चालवला होता. माझ्या दुकानात गिऱ्हाईक हसलं की हा त्याच्या तोंडात डोकावून बघायचा. माझी दोन गिऱ्हाइकं त्या काळात हसायची बंद झाली.

नोकरीत असताना क्लेम ग्रेडर चालवायचा. इथले कच्चे रस्ते गाड्यांनी लाटांसारखे होतात, ते खरवडून सपाट करायचं काम. जन्मभर खड्डे बुजवले आणि निवृत्त झाला तो खड्डे खणायला लागला. "कुठेतरी हिशेब बरोबर व्हायला हवा," म्हणायचा. बायको त्यानंतर कधीतरी दक्षिणेकडे निघून गेली. कुठे जातेय ते तिने सांगितलं नाही. गावात म्हणत, हे ती नवऱ्याकडूनच शिकली.

आता त्याला सोनं कधीच सापडलं नाही असं म्हटलं तर माझ्या जिभेला हाड नाही असं होईल. एकदा सापडलं. मशीन घेतलं त्याच पहिल्या हंगामात, अंगठ्याच्या नखाएवढा एक गोळा, त्याला तीन फाटे फुटलेले, अगदी कोंबडीच्या पायासारखा. त्यानंतर काही नाही. तो कोंबडीचा पाय त्याने बुटाच्या नाडीला बांधून गळ्यात घातला आणि सदऱ्याच्या आत ठेवला. परक्या माणसाला दाखवायचा नाही, कारण परका विचारणार, कुठे मिळाला? फक्त नाताळच्या दिवशी जेवणं झाली की सदऱ्याची वरची बटणं सोडून तो बाहेर काढायचा आणि आम्ही सगळे, दर वर्षी तोच पाय बघून, वा म्हणायचो.

दुसरा माणूस डिनी. वयाने क्लेमपेक्षा मोठा, जुना गुराखी, इथला मूळ आदिवासी, आणि आमच्या गावाभोवतीचं सगळं रान त्याच्या लोकांचं. कागदावर ते अलीकडे झालं, पण कागद करणाऱ्यांच्या खापरपणजोबांच्या आधीपासून ते त्यांचंच आहे. क्लेम ग्रेडर चालवायचा तेव्हा डिनी त्याच्यामागे पाण्याचा ट्रक चालवायचा. एकदा ग्रेडरच्या पात्यासमोर जमिनीत धान्य वाटायचे जुने दगड दिसले. डिनी ट्रकमधून उतरला आणि चालत जाऊन ग्रेडरसमोर उभा राहिला. क्लेमने त्याच्याकडे बघितलं, दगडांकडे बघितलं आणि ग्रेडर वळवला. त्या सपाट माळावर आमचा रस्ता आजही विनाकारण एक मोठं वळण घेतो. बाहेरचे लोक विचारतात, इथे काय डोंगर होता का? आम्ही त्याला क्लेमचं वळण म्हणतो.

तेव्हाच डिनीने त्याला सांगितलं होतं, "असलं काही दिसलं तर हात लावायचा नाही, उचलायचं नाही. जिथल्या तिथे ठेवायचं आणि मला येऊन सांगायचं." क्लेमने शब्द दिला. क्लेमच्या शब्दावर माझा फारसा विश्वास नव्हता, पण डिनीचा होता.

डिनी माझ्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसायचा. संध्याकाळी क्लेमची गाडी आली की विचारायचा, "कुठे होतास?" क्लेम उलटीकडे बोट दाखवायचा. डिनी मान डोलवायचा. मग दोघं चहा प्यायचे. स्वतःच्याच रानात कोण कुठे फिरतो हे डिनीला रोज खोटं ऐकावं लागायचं, आणि मला त्याचा राग यायचा. मी एकदा म्हटलंही, "डिनीबाबा, तुम्ही ऐकून कसं घेता?" तर म्हणाला, "टेस, त्याला बरं वाटतं ना. असू दे."

डिनीच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. शहरात जाऊन ऑपरेशन कर म्हणून दवाखान्यातली नर्स त्याच्या मागे लागली होती, आणि हा आज नको उद्या करत होता. शहराचा त्याला तिटकारा. तिथे एकदा त्याला संग्रहालयात नेलं होतं. त्याचे आजोबा दगडाची भाल्याची पाती घडवायचे. कांगारूच्या हाडाने दाब देऊन दगडाच्या कडेचे बारीक बारीक कपचे उडवायचे, लहान पोरांना डोळ्यांत कपचे जातील म्हणून हाकलून द्यायचे. म्हणजे ज्या वयात बघायचं त्या वयात डिनीला बघायला मिळालं नाही. नंतर तशी पाती दिसली ती थेट शहरात, काचेच्या मागे, वर दिवे लावलेली. नीट दिसेना म्हणून हा पुढे वाकला, नाक काचेला लागलं, तर पहारेकरी म्हणाला, मागे व्हा. "माझ्याच आजोबांच्या वस्तूपासून मला मागे व्हायला सांगतात," तो मला म्हणाला होता. "डोळे जायच्या आत एक हातात धरायचंय. आपल्या मातीत बसून. काच नको." डिनी फारसं काही मागणारा माणूस नाही, म्हणून हे माझ्या लक्षात राहिलं.

तर त्या वर्षीच्या कोरड्या हंगामातली गोष्ट. या दिवसांत दक्षिणेतली म्हातारी जोडपी गाडीमागे कारव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत आमच्याकडे येतात, कारव्हॅन पार्क भरून जातो आणि प्रत्येकाच्या गाडीत एकेक डिटेक्टर असतो. क्लेमला हे फार आवडायचं. दुकानासमोर खुर्ची टाकून तो नव्या लोकांना शिकवायचा. मशीनची थाळी जमिनीलगत कशी फिरवायची, खड्डा कसा बुजवायचा. मग आवाज खाली आणून मुख्य नियम: "जागा कुणाला सांगायची नाही. बायकोला नाही, भावाला नाही, पाद्र्याला नाही. मी विचारलं तर मलासुद्धा नाही." आणि सगळ्यात शेवटी, चहाचा कप माझ्याकडे परत देता देता, पुटपुटल्यासारखं: "आणि घडवलेला जुना दगड दिसला तर हात लावायचा नाही."

टास्मानियाहून आलेली नोलीन नावाची एक बाई हे सगळं कान देऊन ऐकायची. आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेली. नवरा हर्व सावलीत बसून शब्दकोडी सोडवायचा आणि ही उन्हात मशीन घेऊन वणवण करायची. तिने क्लेमला इतके प्रश्न विचारले की क्लेम ती यायच्या आधी खुर्ची उचलून पळायला लागला.

एका संध्याकाळी क्लेमची गाडी आली. डिनीने विचारलं, "कुठे होतास?"

क्लेमने बोट दाखवलं नाही. तो बाकावर डिनीच्या शेजारी बसला, टोपी काढली. मी काउंटरमागून बघत होते. मला वाटलं, ऊन लागलं.

"डिनी," तो म्हणाला, "एक सापडलंय."

"काय?"

"पातं. भाल्याचं. एवढं." त्याने बोट धरून दाखवलं. "मधासारखा रंग. कडेला करवतीसारखे बारीक दाते. एकही तुटलेला नाही."

डिनी त्याच्याकडे वळून म्हणाला, "हात लावलास?"

"बोटाने माती झटकली. तेवढंच. आहे तिथे आहे."

"खरं?"

"खरं."

डिनीने आपली काठी जमिनीवर हळूच आपटली. "मशीनला दगड कसा कळला?"

"दगड नाही कळला. जॅमच्या डब्याचं झाकण होतं, ते वाजलं. ते काढायला खणलं तर त्याच्या शेजारी हे." क्लेमने कमरेला बांधलेल्या कचऱ्याच्या पिशवीतून गंजलेलं झाकण काढून दाखवलं. डिनीने ते हातात घेऊन नीट बघितलं, जसं काही तेच पातं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाला कुलूप घातलं. नवरा वारला त्यानंतर पहिल्यांदाच. आम्ही तिघं क्लेमच्या गाडीत पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसलो आणि निघालो, अर्थात दक्षिणेला.

"आज तरी सरळ चल," मी म्हटलं.

"सरळ गेलो तर मला सापडणार नाही. मला रस्ता असाच पाठ आहे."

ओढ्यातून वळसा, तारेच्या कुंपणाला समांतर, वारुळांच्या मधून, एका जागी तर आम्ही आपल्याच चाकांच्या खुणा दोनदा ओलांडल्या. शेवटी एका लांबलचक उतारावर तो थांबला. चारी बाजूंना तेच काटेरी गवत, त्याच लाल मातीत तेच काळे दगड. क्लेम खाली उतरला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, ती पाठ मला काही आवडली नाही.

"इथेच," तो म्हणाला. "किंवा त्या पलीकडच्या उतारावर. सगळं झाडून काढलं होतं ना मी. छान झाडलं होतं."

"छानच झाडलंयस," डिनी म्हणाला.

"फोनमध्ये जागा नोंदवता येते," मी म्हटलं.

"फोन सगळ्यांना सांगतो," क्लेम म्हणाला. "पण घाबरू नका. खूण ठेवलीय. मशीन बरोबर दाखवेल." असं म्हणून त्याने हेडफोन चढवले.

"काय खूण ठेवलीस?"

क्लेमने थाळी फिरवायला सुरुवात केली. माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाला, "झाकण काढून घेतलं ना, मग तिथे वाजायला काहीच उरलं नाही. म्हणून पात्यापासून एक वीत अंतरावर..." आणि त्याचा हात आपसूक गळ्याशी गेला. तेव्हा मला दिसलं, नाडी नव्हती.

"क्लेम," मी म्हटलं, "तू सोनं पुरून ठेवलंस?"

"खिळा ठेवला असता तर इथे खिळे हजार. सोन्याचा आवाज वेगळा येतो. ओळखू येतो."

"तुलाच येतो का? पार्कात सगळी फौज मशीन घेऊन बसलीय. अख्खा देश ओलांडून माणसं जे एक शोधायला इथे येतात, तेच तू गुपित जागेची खूण म्हणून ठेवलंस."

क्लेमने हेडफोन काढले. हे त्याच्या आता लक्षात आलं होतं, ते चेहऱ्यावरून दिसत होतं.

डिनीने शांतपणे विचारलं, "झाकणच परत ठेवलं असतंस तर?"

क्लेमने त्याच्याकडे असं बघितलं की डिनीने जणू काही त्याला चर्चमध्ये थुंकायला सांगितलंय. "कचरा परत जमिनीत? सापडलेला कचरा कोणी परत पुरतं का? मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वाजणार." हे त्याने इतक्या कळकळीने सांगितलं की डिनीला हसू फुटलं. हसता हसता तो गाडीच्या बंपरवर बसला. पण मग त्याने डोळे पुसले आणि उतारावर नजर फिरवली, आणि मला कळलं की त्याला तो उतार नीट दिसतही नाहीये.

त्या दिवशी सापडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा संपत आला. क्लेम पहाटे निघायचा, अंधार पडायला परत यायचा. जेवण पुढे ठेवलं तर नुसता काटा फिरवायचा. वळसे घालायचं त्याने बंद केलं, सगळ्या गावासमोरून सरळ उत्तरेला जायचा, आणि गावात काळजी सुरू झाली. डिनी संध्याकाळी विचारत नव्हता, कुठे होतास म्हणून. दोघं नुसता चहा प्यायचे. एकदा क्लेम म्हणाला, "तुला वाटत असेल मी थाप मारली." डिनी म्हणाला, "थाप मारताना तू बोट दाखवतोस. त्या दिवशी दाखवलं नव्हतंस." एवढंच. मला मात्र रात्रंदिवस एकच भीती, की कुणीतरी तो कोंबडीचा पाय उचलणार, शेजारी ते सुंदर पातं दिसणार, आणि ते टॉवेलमध्ये गुंडाळून कुठल्यातरी कारव्हॅनच्या कपाटात दक्षिणेला जाणार. मग परत काच. नाहीतर कुणाच्या तरी टीव्हीवर शोभेला.

आणि मग नोलीन दुकानात आली.

दुपारची वेळ, डिनी बाकावर, क्लेम आत पाण्याचा डबा भरत होता. ती दारातून आली तीच लाल होऊन. हर्व तिच्यामागे, शब्दकोडं काखेत. तिने मूठ काउंटरवर ठेवली आणि हळूच उघडली.

कोंबडीचा पाय.

"पहिला," ती म्हणाली. "तीन हंगाम झाले. हर्व म्हणाला होता, यंदा नाही मिळालं तर मशीन विकू. टेस, बघा ना, हे खरंच सोनं आहे ना?"

माझं तोंड उघडलं. सांगणारच होते. तेवढ्यात माझ्या पायावर एक जड बूट पडला आणि तिथेच राहिला. क्लेम काउंटरमागे येऊन माझ्या शेजारी उभा होता. त्याने तो गोळा उचलला, उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. ज्या माणसाने तो कधी अंघोळीतसुद्धा काढला नाही, तो माणूस जणू पहिल्यांदाच बघत होता. नोलीन त्याच्या तोंडाकडे अशी बघत होती, जसा माणूस निकालाच्या कागदाकडे बघतो.

"सोनंच आहे," क्लेम म्हणाला. "उत्तम आहे. माझासुद्धा पहिला असाच होता." आणि त्याने तो तिच्या हातात परत दिला. तिची बोटं मिटून घेतली त्याने, वरून. मला क्लेम ट्रेम्बाथची त्याआधी पुष्कळदा कीव आली होती, राग आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा आदर वाटला, आणि पाय दुखत होता तरी मी गप्प राहिले.

"फक्त एक सांग," तो म्हणाला. "कुठे मिळाला?"

नोलीनचा चेहरा बदलला. तिने मूठ छातीशी धरली. "वा," ती म्हणाली. "परीक्षा घेताय होय? बायकोला नाही, भावाला नाही, पाद्र्याला नाही."

"तसं नाही. खरंच विचारतोय."

"मी विचारलं तर मलासुद्धा नाही. असं तुम्हीच म्हणाला होतात. शब्द न् शब्द लिहून घ्यावा असं होतं ते." मग तिने बोट उचललं आणि दक्षिणेला दाखवलं. इतकी खूश होती ती स्वतःवर.

क्लेम ततपप करायला लागला. जन्मभर ज्याने ताकास तूर लागू दिली नाही त्याला आता कुणी लागू देईना. त्याने सोडा प्यायला देऊ केला, नवीन कुदळ देऊ केली. स्वतःची गुप्त जागा दाखवतो म्हणाला. त्यावर नोलीन म्हणाली, "खरी जागा तुम्ही कधी दाखवणार नाही, हे मला माहीत आहे." हर्वने मध्येच विचारलं, "हट्टी, चार अक्षरी?"

दारात काठी वाजली. डिनी आत आला, हळूहळू, हाताने दाराची चौकट चाचपत.

"बाई," तो म्हणाला, "हे रान माझ्या लोकांचं आहे. सोनं कुठे आहे ते मी विचारत नाही. ते तुमचं. आज तुम्ही कुठे फिरून आलात, एवढंच विचारतोय. आमच्यात हे विचारतात."

नोलीनने त्याच्याकडे बघितलं. मग शरमल्यासारखी म्हणाली, "अहो, मग आधी नाही का म्हणायचं? उत्तरेला. जुन्या गुरांच्या कुंपणाच्या पलीकडे, पहिल्या नाही, दुसऱ्या उतारावर. तिथे एक भलंमोठं वारूळ आहे, त्याचं डोकं फुटलेलं आहे. तिथून ओढ्याच्या बाजूला." एका दमात सगळं सांगितलं तिने. क्लेमने कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं त्याला कुणी असं सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कुणाला.

"तिथे तुम्हाला आणखी काही दिसलं का?" डिनीने विचारलं.

"दिसलं ना," नोलीन म्हणाली. "एक दगड. पानासारखा, मधाच्या रंगाचा. इतका देखणा की..." ती थांबली. "मी नाही हात लावला हं. यांनीच सांगितलं होतं, शेवटी. घडवलेला दगड असेल तर. हर्व म्हणत होता, चहाच्या टेबलावर छान दिसेल. मी म्हटलं, नाही. वर माती लोटून आले."

क्लेम खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. बराच वेळ बांधत होता. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या, ओढून चढवायचे बूट होते ते.

आम्ही दोन गाड्या करून गेलो, सरळ रस्त्याने. फुटक्या डोक्याचं वारूळ लगेच सापडलं. क्लेम म्हणाला, हो हो, हेच, मी इथेच लघवीला थांबलो होतो. हे त्याला आधी का आठवलं नाही, हे विचारायचं मी मनात ठेवलं आणि नंतर सावकाश विचारलं. नोलीनने जागा दाखवली. क्लेम गुडघ्यावर बसला आणि तळहाताने माती बाजूला करायला लागला, जसं कुणी झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारतं.

होतं. उन्हात मधासारखं चमकत होतं.

डिनी जमिनीवर बसला. आम्हाला वाटलं, तो लगेच उचलेल. पण तो आधी त्याच्या भाषेत काहीतरी बोलला, हळू आवाजात, बराच वेळ, कुणाशी तरी बोलावं तसं. मग त्याने ते उचललं. डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, नाकाला लागेपर्यंत. मागे व्हा म्हणायला तिथे कुणी नव्हतं. मग त्याने डोळे मिटले आणि अंगठ्याने कडेवरचा एकेक दाता चाचपला, टोकापासून बुडापर्यंत, मग दुसऱ्या बाजूने.

"इथे," तो क्लेमला म्हणाला, "इथे बघ. हा एक कपचा चुकलाय. जास्त उडालाय. कुणीतरी पोर मध्ये कडमडलं असणार." आणि तो रडायला लागला. हर्वने त्याला आपला रुमाल दिला.

सूर्य कलायला लागला तसं डिनीने पातं जिथल्या तिथे ठेवलं आणि वर माती केली. घरी न्यायचं नाही का, नोलीनने विचारलं. "घरीच आहे ते," डिनी म्हणाला. गाडीकडे जाताना नोलीन क्लेमला म्हणाली की हर्व या सोन्याला साखळी करून देणार आहे. क्लेम म्हणाला, "साखळीपेक्षा बुटाची नाडी बरी. तुटत नाही." ती जोडी पुढच्या आठवड्यात टास्मानियाला गेली. तो गोळा कुणाचा ते तिला आजतागायत माहीत नाही, आणि ही गोष्ट तिच्या कानावर जाणार नाही याची मी काळजी घेते.

गळ्यातली नाडी मोकळी झाली होती. डिनीने ते जॅमचं गंजकं झाकण ठेवून घेतलं होतं. त्याला खिळ्याने भोक पाडलं आणि क्लेमच्या हातात दिलं. "वाजलं होतं ते हेच," म्हणाला. आता नाताळला जेवणं झाली की क्लेम सदऱ्याची बटणं सोडतो, झाकण बाहेर काढतो, आणि आम्ही वा म्हणतो.

पण मला सांगायचं होतं ते पातं सापडलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. संध्याकाळी क्लेमची गाडी आली, सरळ, उत्तरेकडून. दोघं बाकावर बसले. मी चहा नेऊन ठेवला.

"कुठे होतास?" डिनीने विचारलं.

क्लेमने घसा साफ केला. पहिल्यांदा शाळेत उत्तर द्यायला उठलेल्या मुलासारखा तो ताठ बसला. "उत्तरेला," तो म्हणाला, आणि उत्तरेला बोट दाखवलं. "त्या काळ्या टेकाडामागे. डिनी, इथून पुढे तुला मी खरंच सांगणार."

डिनी चहा फुंकत राहिला. त्याला आनंद झालेला दिसला नाही.

"असं करू नकोस," तो शेवटी म्हणाला. "इतकी वर्षं तू दाखवतोस त्याच्या उलट मी समजत आलोय. रोज रात्री मला माहीत असतं तू कुठल्या बाजूला आहेस. परत आला नाहीस तर शोधायला कुठे यायचं, ते माहीत असतं. आता तू खरं बोलायला लागलास तर म्हातारपणी माझा गोंधळ होईल."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले होते. मग क्लेमने सावकाश हात उचलला आणि दक्षिणेला बोट दाखवलं.

डिनीने मान डोलावली.